पाण्यापुढचा कोरा रकाना

मावशी, परवाच्या रविवारी तुझ्या घरी गेले होते. शोभानं दार उघडलं, चटई अंथरली आणि काही बोलायच्या आधी पाण्याचं फुलपात्र पुढे ठेवलं. मला ते उचलवेना. उन्हातून आलेले, घसा कोरडा पडला होता, तरी हात पुढे जाईना. शोभाला वाटलं, आईच्या आठवणीनं हिचं असं झालं. तिचं निम्मं खरं होतं.

उरलेलं निम्मं तुला सांगायचं राहिलं. मी तुला एकदा खोटं सांगितलं, आणि तू ते खरं मानून गेलीस. तू विचारलं होतंस, "अगं, मग आमच्या पाण्याचं तुझ्या फॉर्मात लिहायला जागाच नाही का?" आणि मी मान वर न करता म्हणाले, "नाही मावशी, रकानाच नाही." रकाना होता. दहा-अकरा वर्षं झाली या गोष्टीला. या काळात मी तुझ्या हातची भाकरी खाल्ली, तुझ्या शोभाच्या लग्नात मिरवले, आणि एवढं एक वाक्य मला दुरुस्त करता आलं नाही.

म्हणून आता पहिल्यापासून सांगते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण मधेमधे मी जे गाळलं ते कुठे गाळलं, हे त्याशिवाय कळायचं नाही.

माझी नोकरी किमती गोळा करण्याची. कामगारांच्या घरात महिन्याला काय लागतं आणि ते केवढ्याला पडतं, हे ठरलेल्या घरांतून आणि दुकानांतून विचारून फॉर्मावर उतरवायचं. सगळीकडचे फॉर्म जमले की त्यातून निर्देशांक निघायचा, आणि कारखान्यांतला महागाई भत्ता त्या निर्देशांकावर ठरायचा. भाजी-किराणा दुसऱ्यांकडे होता. माझ्या वाट्याला आलं भाडं, वीज, रॉकेल, गॅस आणि पाणी. लग्नाला वर्ष झालेलं, डोंबिवलीला दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड, आणि ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागच्या चाळींतली दहा घरं माझ्या यादीत. त्यात तुझं तिसरं.

पहिल्या दिवशी तू मला उंबऱ्यावरच अडवलंस. "रेशनकार्डातलं नाव कापायला आलात ना? आमची तीनच आहेत, मोजून घ्या."

"नाही हो. मी भाव विचारायला आले."

"मग बाजारात जा की. मी काय दुकान मांडलंय?"

मी समजावून सांगितलं. निर्देशांक हा शब्द तू सोडून दिलास, पण भत्ता हा शब्द बरोबर पकडलास, कारण तुझे यजमान, आपले काका, त्याच इस्टेटमध्ये लेथ मशीनवर होते. "म्हणजे आमच्या घरावरून भत्ता ठरतो?" मी म्हटलं, "तुमच्या एकट्याच्या नाही, पुष्कळ घरांवरून." ते वाक्य तू ऐकलंच नाहीस. पुढच्या महिन्यात आले तर चाळीच्या तोंडाशीच एक बाई म्हणाली, "भत्तेवाल्या बाई ना? ते काय, त्या घरात." आत तू इस्त्रीचं पातळ नेसून बसली होतीस. स्टोव्ह घासून लख्ख केलेला. जसं काही स्टोव्हचा फोटो काढायला मी आले होते.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला मी तुला मावशी म्हणाले, आणि वर अहो-जाहो चालूच. तू चिडलीस. "मावशी म्हणतेस आणि तुम्ही काय म्हणतेस? एक काहीतरी ठरव." तेव्हापासून तू तू झालीस. मी नलू झाले, आणि कधी रागावलीस की "सरकार".

तुझा खरेपणा मला सुरुवातीला गमतीचा वाटायचा. एकदा तू विजेचं बिल सांगितलंस, मी लिहून घेतलं, पुढची घरं केली आणि बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले. बघते तर तू पदर खोचून रस्त्यानं पळत येतेस. हातात बिल. "अगं थांब, थांब! त्यात मागची बाकी धरलेली होती. मी मेली आंधळी, खालचाच आकडा वाचला. खोडून टाक तो. आपल्या घरामुळे सगळ्यांचा हिशोब चुकायला नको." धाप लागलेली तुला. मी फॉर्म काढून रस्त्यावरच दुरुस्त केला आणि तू आकडा वाचून खात्री करून घेतलीस. तो प्रसंग मी ऑफिसात रंगवून सांगितला होता, सगळे हसले होते. आज त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आठवत नाही.

आणि ते दिवस. मला सातवा होता. चाळीच्या पायऱ्या चढताना पोटऱ्या भरून यायच्या. तू मला तुझ्या एकुलत्या एका लोखंडी खुर्चीवर बसवलंस, पायाखाली पाट दिलास आणि म्हणालीस, "तू बसून लिही, बाकीच्या घरांचं मी विचारून येते." मी नको नको म्हणेपर्यंत तू गेलीससुद्धा. अर्ध्या तासानं परत आलीस ती सगळं तोंडपाठ करून. "पाच नंबरचं भाडं तेवढंच. सातवाली खोटं सांगते, वाढवून सांगितलं की भत्ता वाढेल असं वाटतं तिला. मी बिल काढायला लावलं." माझं काम तू माझ्यापेक्षा चोख केलंस, मावशी. नियमात ते बसत नव्हतं, पण त्या तीन महिन्यांचे माझे फॉर्म सगळ्यात खरे होते.

आता पाण्याचं.

तू खडवलीची. बोलता बोलता एकदा म्हणाली होतीस, "नदी हाकेच्या अंतरावर होती गं आमच्या. पाण्याला पैसे पडतात हे मला ठाण्यात कळलं." तेव्हा पैसे म्हणजे भाड्यातच धरलेला पाण्याचा आकार, महिन्याचा ठरावीक. अंगणातला नळ पहाटे यायचा. तू आणि काका मिळून भरायचात, आठला तू औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला जायचीस, साडेचारला सुटायचीस. पांढरा कोट, डोक्याला फडकं. त्या कोटाचा तुला केवढा तोरा होता! तो दोरीवर वाळत असला की कुणी त्याच्याखालून वाकून गेलेलंही तुला चालायचं नाही.

मग वरच्या अंगाला नव्या इमारती झाल्या आणि तुमच्या नळाची वेळ बदलली. दुपारी दोनला यायला लागला. पाऊण तास, मग अर्धा तास, मग नुसती धार. दोनला घरात कोण? काका कामावर, तू कामावर, शोभा शाळेत. शेजारणीनं काही दिवस तुझे दोन हंडे भरून ठेवले. पण तिचंच जिथे भरत नव्हतं तिथे तिला तरी किती म्हणणार? मग तू दामाशेटच्या विहिरीवरून विकतचं आणायला लागलीस. दामाशेट तिथला जुना जमीनवाला, मिठागरं आणि शेतं जाऊन त्याच्याकडे विहीर आणि दोन चाळी उरलेल्या. तुझ्या सांगण्यावरून मी एकदा तुझ्याबरोबर त्याच्याशी बोलायलाही गेले होते. आधी हंड्याला चार आणे घेत होता, त्याचे आठ आणे का केले, म्हणून.

तो खाटेवर बसून विडी ओढत होता. म्हणाला, "पानी माजं नाय हो बाई, पानी बावीचं. पन पंप काय फुकट चालतो? लायटीचं बिल मना येतं, देवाला नाय येत." आणि खरंच त्यानं बिल दाखवलं. तूही वाकून ते वाचलंस आणि वाटेत मला म्हणालीस, "तो लबाड नाही गं. वीज वाढली म्हणून पाणी वाढलं. हे दोन्ही लिही, वीजपण आणि पाणीपण." निर्देशांकाची जी गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात दोन दिवस घेऊन शिकवली होती, ती तू विहिरीवरून घरी येईपर्यंत समजून बसली होतीस.

त्या दिवशी घरी येऊन मी फॉर्म काढला आणि नेहमीसारखं विचारलं, "पाणी. नळाचा मासिक आकार?"

"तेवढाच."

"मग फरक नाही," म्हणत मी लिहायला लागले.

तू माझ्या पेनावर हात ठेवलास. "फरक नाही कसा? नळाला पाणीच नाही! आकार कशाचा देतो आम्ही, तोटीचा?"

मी तुला नियम सांगितला. दर महिन्याला वस्तू तीच हवी, तरच भावाची तुलना होते. तूरडाळ मिळाली नाही म्हणून चवळीचा भाव लिहून चालत नाही. फॉर्मात लिहिलंय नळाचं पाणी. विहिरीचं पाणी ही वेगळी वस्तू झाली.

"वेगळी? त्याच माठात ओतते, त्याच तांब्यानं पितो."

"मावशी, नियम मी केलेला नाही."

"तुझ्या त्या कागदाला तहान लागत नाही वाटतं." तू हसत म्हणालीस, पण हात काढला नाहीस. "बरं, तिथे नको लिहू. दुसरीकडे लिही. खाली, कडेला, कुठेतरी. अगं, मग आमच्या पाण्याचं तुझ्या फॉर्मात लिहायला जागाच नाही का?"

तिथे मी ते वाक्य बोलले.

खरं काय होतं ते ऐक. पाण्याच्या ओळीपुढे 'शेरा' असा एक रकाना होता. ठरलेली वस्तू मिळेनाशी झाली आणि लोक तिच्याऐवजी दुसरं काही घ्यायला लागले, तर ते तिथे लिहायचं असतं. लिहिलं की वेगळा अहवाल जोडावा लागायचा: आणखी तीन घरांची माहिती, विक्रेत्याची माहिती, आणि आठ दिवसांत दुसरी फेरी. मग वरचे साहेब ठरवणार, विहिरीचं पाणी यादीत घ्यायचं की नाही. म्हणजे तुझं म्हणणं नियमाबाहेरचं नव्हतंच. नियमात त्याची वाट केलेली होती. फक्त ती वाट जरा चालावी लागत होती.

मला ते जिवावर आलं. पोरगी दहा महिन्यांची, सासूबाईंचं गुडघेदुखीचं चाललेलं, खात्याची परीक्षा दोन महिन्यांवर. आणखी एक फेरी म्हणजे आणखी एक दिवस. मनात म्हटलं, या महिन्यात राहू दे, पुढच्या महिन्यात अहवालासकट नीट लिहू. आणि तुला ते सांगायच्या ऐवजी सोपं होतं ते सांगून टाकलं.

पुढच्या महिन्यात काय झालं माहीत आहे? फॉर्म उघडला आणि लक्षात आलं, आता शेरा लिहिला तर साहेब विचारणार, नळ कधीपासून बंद? मग मागच्या महिन्यात 'फरक नाही' कसं लिहिलंत? म्हणून त्या महिन्यातही फरक नाही. तिसऱ्या महिन्यात तर दोन महिन्यांचा जाब द्यावा लागला असता. असं दीड वर्ष मी 'फरक नाही' लिहीत गेले, आणि प्रत्येक महिना आधीच्या महिन्याची पाठराखण करत राहिला.

मी हजारदा स्वतःला सांगितलंय की एका घराच्या पाण्यानं निर्देशांक काही हलला नसता. पण एक घर कुठे होतं, मावशी? माझ्या यादीतली दहाच्या दहा घरं त्याच नळावर होती. दहा घरांपुढे मी तेच दोन शब्द लिहिले. आणि डोंबिवलीला आमच्या इमारतीतही पाणी दुपारी यायचं, सासूबाई पिंप भरून ठेवायच्या, म्हणून मी नोकरी करू शकत होते. पाण्याची वेळ चुकली की बाईच्या नोकरीचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तुझी नोकरी त्या उन्हाळ्यात गेली. गेली म्हणजे तू सोडलीस. दोन वाजता घरी असल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, विहिरीचं पाणी रोज परवडेना. मी आले तेव्हा पांढरा कोट घडी करून ट्रंकेवर ठेवलेला होता. तू म्हणालीस, "काय लिहिशील आता? हंडा आठ आणे लिहिलेस तरी तेही खोटंच. माझा सगळा पगार लिही. तेवढ्याला पडतं आम्हाला पाणी." बोलताना तुझा आवाज चढला नव्हता. म्हणून मला जास्त लागलं. मी खाली बघून भाडं विचारलं, वीज विचारली, आणि पाण्याच्या ओळीला न विचारताच लिहून टाकलं. तू बघितलंस. उठून मला पाणी आणून दिलंस.

आणखी एक आहे, ते तर तुला अजिबातच ठाऊक नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाचा महिना. पोरगीला गोवर आला होता. मी रजा टाकायला हवी होती, पण रजा शिल्लक नव्हती. म्हणून घरीच बसून, मागच्या महिन्याचे आकडे समोर ठेवून, तुमच्या दहाही घरांचे फॉर्म भरले. 'भेट दिली' यापुढे बरोबरची खूण केली, मंगळवारची तारीख घातली. तुझ्या पाण्यापुढे फरक नाही.

त्याच मंगळवारी दामाशेटच्या विहिरीच्या शेवाळलेल्या धोंड्यावरून तू हंड्यासकट पडलीस. पुढच्या महिन्यात मी आले तर तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि शोभा शाळा बुडवून नळाखाली बादली धरून उभी. त्या वर्षी तिची दहावी होती. मी "मावशी, हे काय गं?" म्हणायच्या आतच तू म्हणालीस, "मागच्या महिन्यात तुझ्या फेरीच्या मंगळवारी तू येऊन गेली असशील ना? दिवसभर मला दवाखान्यात तेच लागून राहिलं होतं. घराला कुलूप बघून परत गेली असशील. आपल्या घराचं लिहायचं राहिलं असेल, माझ्यामुळे."

तू माझी माफी मागत होतीस.

आणि मी, मावशी, मी म्हणाले, "नाही गं, शेजारून विचारून घेतलं." तुझा चेहरा एकदम निवळला. "बरं झालं बाई." डाव्या हातानं तू माझ्यापुढे पाणी ठेवलंस. थोडं चटईवर सांडलं तर पदरानं टिपून घेतलंस. ते विकतचं पाणी होतं, जिथे तू हात मोडून घेतलास त्याच विहिरीचं. मी ते गटागटा प्यायले.

शोभा त्या वर्षी दहावीला बसली नाही.

दिवाळीच्या सुमाराला काकांचा भत्ता वाढला. तू पेढ्यांची पुडी घेऊन तडक डोंबिवलीला आमच्या घरी आलीस, पहिल्यांदाच. सासूबाईंच्या हातावर पेढा ठेवलास आणि म्हणालीस, "तुमच्या सुनेनं आमचं पाणी वर पोचवलं." मला स्वयंपाकघरातून ते ऐकू आलं. रकाना नसला तरी हिनं कुठेतरी लिहून वर कळवलंच असणार, असं तू धरून चालली होतीस. भत्ता वाढला होता तेलानं आणि डाळीनं. त्यात तुझ्या पाण्याचा एक थेंब नव्हता. सासूबाई माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. तू माझ्या तोंडात पेढा कोंबलास, आणि मी तो खाल्ला. त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंड पेढ्यानं भरलेलं होतं हे कारण मी मनाशी कितीदा तरी दिलंय.

पुढे मला बढती मिळाली, टेबलाचं काम आलं. त्याच सुमाराला घरांची यादीही बदलली आणि तुझं घर त्यातून निघालं. सांगायला मीच आले, दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. एवढा भला विचार मला सुचला, याचंही आज आश्चर्य वाटतं.

तू डाळ निवडत होतीस. "निघालं म्हणजे?"

"म्हणजे आता दुसरी घरं घेतलीत. ठरावीक वर्षांनी बदलतात."

"आमचं काय चुकलं?"

"चुकलं नाही गं मावशी. पद्धतच आहे तशी."

तू बराच वेळ सूप हलवत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "मी सारखं पाण्याचं सांगायचे, म्हणून काढलं का? तसं असेल तर तसं सांग साहेबांना. नाही सांगणार मी पाण्याचं."

मी तुझा हात धरला. "तसं काही नाही," म्हणाले. ते मात्र खरं होतं. पण इतक्या खोट्यानंतर ते खरं असूनही मला खोट्यासारखंच वाटलं. तुझा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. त्यानंतर तू माझ्यापुढे पाण्याचा विषय काढला नाहीस. अगदी चाळीला नवीन लाइन आली, घरात नळ आले, तेव्हाही मला शोभाकडूनच कळलं.

नंतरची वर्षं मी तुझ्याकडे पाहुणी म्हणून येत राहिले. संक्रांतीला, शोभाच्या लग्नाला, काका गेले तेव्हा. दर वेळी ठरवून यायचे की आज सांगू. ठाणे स्टेशनाबाहेर रिक्षात बसताना वाक्यसुद्धा तयार असायचं. आणि तू दारातच "आल्या बघा आमच्या भत्तेवाल्या बाई" म्हणून माझी ओळख करून द्यायचीस, नव्या शेजारणींना, शोभाच्या सासरच्यांना. त्यांच्यासमोर कसं सांगणार? ती माणसं गेली की तू माझ्या पोरगीच्या अभ्यासाचं विचारायचीस. मग कसं सांगणार? आज लिहिताना दिसतंय की सांगायला जागा होती. दर भेटीत होती. मी तिथेही फरक नाही असं समजून पुढे गेले.

आता परवाचं सांगते.

शोभा बोलत बसली होती. शेवटच्या आजारात तू दवाखान्यातल्या नर्सला सांगत होतीस म्हणे, "आमच्या घरावरून भत्ता ठरायचा, विचारा वाटल्यास. सरकारी बाई यायच्या लिहायला." नर्स हसली तर रागावलीस. शोभा हे सांगताना हसली आणि मग रडली. समोर ते फुलपात्र. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"शोभा, मी आईला म्हणाले होते, रकाना नाही. रकाना होता."

तिला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं. नळ, शेरा, अहवाल, दीड वर्ष, गोवर, मंगळवार. शोभा आता शिलाईचं दुकान चालवते, दोन बाया हाताखाली आहेत, बोलणं नेमकं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "म्हणजे लिहिता आलं असतं?"

"हो."

"लिहिलं असतं तर पाणी आलं असतं का?"

"नाही. पाणी नसतं आलं. भत्त्यात फरक पडला असता, तोही फार थोडा. कदाचित काहीच नाही."

"मग मी दहावीला बसले असते का?"

"तेही नाही सांगता येत."

ती भिंतीकडे बघत होती. तिथे खुंटीला तुझा चष्मा अजून लटकलेला होता. म्हणाली, "आईला त्यातून पैसे मिळावेत असं कुठे होतं? तिचं एवढंच म्हणणं होतं की हे कुणीतरी लिहून ठेवावं. तिला वाटायचं, लिहिलंय." मग माझ्याकडे वळून, "मला सांगायला नको होतंत. तिला सांगायचं होतंत."

मला उठून जावंसं वाटलं. मी पिशवी उचलली. तेव्हा शोभानं ते फुलपात्र माझ्यापुढे सरकवलं. तिच्या चेहऱ्यावर माफी वगैरे काही नव्हती, मावशी, उगाच कशाला खोटं सांगू? आवाजही कोरडाच होता.

"पाणी प्या," ती म्हणाली. "आईनं या घरातून कुणाला तसंच पाठवलं नाही."

मी प्यायले. ती पूर्ण पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली आणि भांडं घेऊन आत गेली. बाहेर चपला घालताना आतून नळ सोडल्याचा आणि भांडं विसळल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर मी ट्रंक काढली. प्रशिक्षणाच्या वेळी दिलेला एक कोरा फॉर्म अजून माझ्याकडे आहे, घड्यांवर पिवळा पडलाय. पाण्याची ओळ शोधली आणि त्यापुढच्या रकान्यावर बोटं ठेवून बघितली. चांगला चार बोटं रुंद आहे गं, मावशी. नळ, विहीर, दामाशेटचं बिल, तुझा पांढरा कोट, शोभाची दहावी. बारीक अक्षरात लिहिलं असतं तर सगळं मावलं असतं.